ओळ संपल्यावर ती कुणाकडे बघते

४ जानेवारी

चष्मेवालीस,

आशीर्वाद. तू दिलेला टॅब चालतो आहे, डोळेही चालताहेत. कानांचं विचारू नकोस. कानातलं यंत्र खणातच आहे. ते घातलं की लोक बोलायला येतात, आणि मग ह्यांना नक्की काय हवंय याचा विचार करत बसावं लागतं.

पत्र टपालाने पाठवतोय, कारण टाईप केलेलं सगळं कुणीतरी वाचत असतं. हसू नकोस.

आता मुद्द्याचं. आमच्या इमारतीत खाली औषधांचं दुकान आहे. तिथल्या बाईंनी काल मला हाताने खुणावून फोनवर एक जुनं चित्रण दाखवलं. काळंपांढरं, कडा थरथरताहेत, आणि मधे एक मुलगी गातेय. मी फोन त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. तुझी आई. बावीस वर्षांची. टीव्हीवर ती एकदाच गायली, तिच्या साथीला व्हायोलिनवर मी, त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. पडद्यावर मी दिसत नाही, सगळा वेळ तिचाच चेहरा आहे, पण व्हायोलिन माझंच असणार. मला ऐकू येत नाही तो भाग वेगळा.

आता ऐक. कार्यक्रमानंतर वर्षभराने मी टीव्ही केंद्रात गेलो होतो, म्हटलं घरच्यांना एकदा दाखवता येईल का. तिथे टेपा सांभाळणारा एक किडकिडीत माणूस होता. त्याने जाडजूड रजिस्टर उघडून मला ओळ दाखवली, ‘टेप पुसली’, आणि खाली त्याची सही. तेव्हा टेपा महाग, म्हणून जुनं पुसून त्यावरच नवं घ्यायचे. मी मान्य केलं. आमच्यावर कुणाचा तरी डोळा होता हे मला ठाऊकच होतं, कारण तिला पुन्हा कधी बोलावलं नाही.

मग पुसलेली टेप इंटरनेटवर कशी आली? त्या माणसाने ती दाबून ठेवली होती! माझी बहीण स्वतःला एकदा बघावं म्हणून तळमळत गेली असेल, आणि हा बसला होता टेपेवर. तो तुझ्याच शहरात राहतो. निवृत्त लोकांच्या यादीतून पत्ता काढलाय, सोबत जोडतो. जा आणि विचार. गोड बोलून विचार, तुला जमतं ते.

अजून एक. गाताना प्रत्येक ओळ संपली की ती एका बाजूला बघते. कुणाकडे?

तुझा मामा


१३ जानेवारी

प्रिय मामा,

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून गेले. आता तुमच्या जिवाला स्वस्थता लाभो.

तिसरा मजला, दाराला साखळी. साखळी न काढता फटीतून विचारलं, “ऑफिसकडून आलात का?” मी म्हटलं, नाही हो, मी चष्म्याचं दुकान चालवते. तर म्हणाले, “माझा चष्मा ठीक आहे.” मग आईचं नाव सांगितलं. फटीतला डोळा एकदम हलायचाच थांबला. मी रोज शंभर डोळे बघते मामा, हा घाबरलेला डोळा होता.

आत घेतलं शेवटी. खोली लख्ख आवरलेली. कपाटातल्या पुस्तकांच्यासुद्धा पाठीवर नंबराच्या चिठ्ठ्या. मी फोनवर चित्रण दाखवलं. पहिलं मिनिटभर बघितलं आणि फोन पालथा घातला. म्हणाले, “मी टाकलेलं नाही. माझ्याकडे कुठलीही टेप नाही. सही माझी आहे.” तीनच वाक्यं, एकाच सुरात, पाठ केल्यासारखी. चहा दिला, पण कप उचलायची घाई अशी की मी अजून पीतच होते.

जाताना विचारलं, “तुमचे मामा आहेत?” मी म्हटलं, आहेत, खणखणीत आहेत. तर चेहरा पडला. कुणाचं असणं ऐकून चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. कुठेतरी पाणी मुरतंय, ह्या वेळी तुमच्याशी सहमत.

ज्याने कुणी हे इंटरनेटवर टाकलंय तो ‘जुनी काच’ असं टोपणनाव लावतो. त्याला मी निरोप टाकला आहे. खाली लोकांनी भरभरून लिहिलंय. एकाने लिहिलंय, “ओळ संपल्यावर ती जी थांबते, ते थांबणं कुणाला शिकवता येत नाही.” मी आवाज मोठा करून ऐकलं. खरंच थांबते. आई घरी कधी गुणगुणायचीसुद्धा नाही, आणि हे असं गाणं तिच्यात होतं. मला जरा रडू आलं.

तुमची चष्मेवाली


१९ जानेवारी

चष्मेवालीस,

रडणं पुरे. डोकं चालव.

मी ते चित्रण एकवीस वेळा पाहिलं. ऐकू येत नसल्याचा हा एक फायदा, माणूस नीट बघतो. लोक गाण्यात वाहून जातात आणि तिचे डोळे कुणी बघतच नाही. प्रत्येक ओळीनंतर ती डाव्या हाताला बघते. चोरून नाही, चांगली रोखून, आणि कुणीतरी काही केलं की मगच पुढची ओळ घेते. अकरा मिनिटांत चौदा वेळा. कागदावर खुणा केल्यात.

माझी जागा तिच्या उजव्या हाताला होती. हे मला झोपेत विचारलंस तरी सांगेन. डाव्या हाताला काय होतं? मशीनच्या खोलीची काच. आणि काचेमागे कोण उभा असायचा? टेपवाला.

आता सगळं जुळतं. तुझी आई गेली तेव्हा सहा वर्षांपूर्वी मला एक कार्ड आलं होतं, बिनसहीचं. ‘त्यांचा आवाज गेलेला नाही.’ मी ते कुणा चाहत्याचं समजून जपून ठेवलं, मूर्खासारखं. आज ते काढून अक्षर बघितलं. रजिस्टरातली सही मला आठवते. ‘र’ तोच.

मी तिचा सख्खा भाऊ, सहा वर्षांनी मोठा. डोळे मिटून वाजवत होतो, माझ्या आयुष्यात त्या दिवशीसारखं मी कधीच वाजवलं नाही. आणि माझ्या मिटल्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं.

त्याला पुन्हा भेट. ह्या वेळी गोड बोलू नकोस.

मामा


२७ जानेवारी

आदरणीय बाई,

आपण परवा पुन्हा आलात, मी दार उघडलं नाही. क्षमस्व. तोंडी बोललो असतो तर कमीजास्त झालं असतं, म्हणून लिहितो. आपण जे ओरडून विचारलंत ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. तसं काहीही नव्हतं. आपल्या आईंशी मी आयुष्यात दोनदा बोललो, दोन्ही वेळा दहा मिनिटांपेक्षा कमी.

त्या दिवशी टेप माझ्या मशीनवर होती. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, तीन गाणी. पहिल्या गाण्यापासूनच व्हायोलिन चुकत होतं. सुरात चूक नव्हती, वेळेत होती. आपल्या आईंची ओळ संपली की व्हायोलिनने उत्तर द्यायचं, ते उशिरा यायचं, आणि त्या पुढची ओळ सुरू करायच्या तेव्हा हे अजून वाजतच असायचं. दोघांचे आवाज एकमेकांवर चढायचे. मामांचे डोळे मिटलेले. मशीनच्या खोलीत आम्ही चौघे होतो, कुणीच गाणं थांबवलं नाही. दुसऱ्या गाण्यात तेच, जास्तच. तिसऱ्या गाण्याच्या आधी आपल्या आईंनी मामांकडे एकदा नीट पाहिलं आणि आईंना काहीतरी समजलं. पुढचं सगळं गाणं त्या मामांच्या हातातल्या व्हायोलिनच्या गजाकडे बघून गायल्या. गज उचलला गेला की मगच पुढची ओळ.

दोन दिवसांनी त्या एकट्या आल्या. म्हणाल्या, “माझ्या भावाला ऐकू येणं कमी झालंय, त्याला अजून माहीत नाही. तो पत्र्याची पिंपं ठोकायच्या कारखान्यात असतो. पहिली दोन गाणी कुणी बघता कामा नये.” प्रक्षेपण होऊन गेलं होतं, पण तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते. टेप राहिली असती तर पुन्हा लागली असती.

मी म्हटलं पुसतो. तर त्या म्हणाल्या, “तिसरं राहिलं असतं तर बरं झालं असतं.”

पुसायचं मशीन पूर्ण टेप एकदम पुसतं. अर्धी पुसायची सोय नाही. मग मी नियमाबाहेरचं काम केलं, ते आयुष्यात एकदाच. एका मोठ्या साहेबांचं एकोणीस मिनिटांचं भाषण दुसऱ्या टेपवरून उतरवून घ्यायचं होतं, त्यावर ‘कायम ठेवणे’ असा शिक्का पडणार होता. त्यासाठी मी आपल्या आईंची टेप न पुसताच लावली. पहिली दोन गाणी भाषणाखाली गेली. उरलेली अकरा मिनिटं शेपटाला राहिली. साहेबांचं भाषण शेवटपर्यंत कोण बघणार, आणि संपल्यावर टेप पुढे कोण चालू ठेवणार? रजिस्टरात ‘पुसली’ लिहून सही केली. ती खोटी सही आहे. म्हणून मी दाराला साखळी लावतो.

मी त्यांना म्हटलं होतं, येऊन बघून जा. त्या म्हणाल्या, “भाऊ माझ्याहून मोठा आहे. तो असेपर्यंत नको. नंतर येईन.” त्या आधी गेल्या. कार्ड मीच पाठवलं होतं, पाठवायला नको होतं.

केंद्राने त्यांना पुढे दोनदा बोलावलं, केंद्राचा व्हायोलिनवाला घेऊन गा म्हणून. त्यांनी दोन्ही वेळा नाही कळवलं.

मी शब्द दिला होता तो मामांना न सांगण्याचा. आपण दिलेला नाही. पण विचार करावा.

आपला,
टेपा सांभाळणारा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

उशीर झाला, दुकानात माणसांची रीघ होती. शाळेतल्या मुलांची तपासणी चालू आहे, एकेक पोरगं तक्ता पाठ करून येतं.

टेपवाल्यांकडून काही विशेष कळलं नाही. ते म्हातारे आहेत, बिचारे एकटे असतात. मला वाटतं त्यांचा काही दोष नाही. ‘जुनी काच’चं उत्तर आलं. केंद्राने ‘कायम’ शिक्क्याच्या टेपांच्या नव्या प्रती काढायला दिल्या होत्या. प्रती काढणारा माणूस टेप चालू ठेवून जेवायला गेला, परत आला तर भाषण संपलेलं आणि पडद्यावर एक मुलगी गातेय. त्याच्याकडून ह्या संग्राहकाला मिळालं. म्हणजे निव्वळ योगायोग. आता हा विषय सोडून द्यावा असं मला वाटतं. आई किती छान दिसते, एवढं पुरे नाही का?

तुमच्याकडे थंडी कशी आहे? गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची चष्मेवाली


१४ फेब्रुवारी

भाचीबाईंस,

थंडी आहे. तेल आहे. विश्वास नाही.

मागच्या पत्रात तू त्याच्या डोळ्याबद्दल अर्धं पान लिहिलं होतंस, आणि आता ‘बिचारे’? पानभर हवापाण्याच्या गप्पा मारणारी तू नाहीस. तुला त्याने सांगितलंय, आणि तू लपवतेस. आईचं झाकायला निघालीस. मुलीने तेच करावं, मी दोष देत नाही. पण मला वेड्यात काढू नकोस.

ती माझ्या तोंडावर म्हणायची, “दादा, मला गायचंच नाही आता.” मी समजायचो, त्या लोकांनी तिचं मन मोडलं. नातेवाइकांत मी सगळ्यांना हेच सांगत फिरलो, अठ्ठेचाळीस वर्षं. ती मान हलवायची! शेजारी बसून मान हलवायची. भावाला पुढे करून गायला गेली आणि नजर काचेकडे. मला फक्त सोबतीला नेलं होतं, घरून परवानगी मिळावी म्हणून.

तिचा फोटो मी भिंतीवरून उतरवलाय. आणि त्या चित्रणाखाली लोक जे कौतुक करताहेत ना, तिथे मी लिहिणार आहे ती नजर कुणासाठी होती ते. टाईप करायला शिकतोय. औषधवाल्या बाई शिकवताहेत.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

काही लिहू नका. हे पत्र मिळेपर्यंत एक अक्षर टाईप करू नका, तुम्हाला माझी शपथ.

आईबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी इतकी चिडले की दोन दिवस लिहिताच आलं नाही. ती असती तर तुमच्याशी बोलली नसती. नाही, बोललीच असती, तीच तर तिची खोड होती.

उतरवलेला फोटो समोर ठेवा. भांग कुठल्या बाजूला आहे? आता चित्रण बघा. दुसऱ्या बाजूला. तुम्ही एकवीस वेळा डोळेच बघत बसलात, केस बघितलेच नाहीत. माझ्या तपासणीच्या खोलीत जागा कमी म्हणून तक्ता उलटा छापलेला असतो आणि लोक तो आरशातून वाचतात. उजवं-डावं उलटं झालं की मला आधी जाणवायला हवं होतं. मलाही परवाच दिसलं. ‘जुनी काच’ला विचारलं, त्याने कबूल केलं. असली चित्रणं तशीच वर टाकली की केंद्राचं यंत्र आपला माल ओळखतं आणि काढून टाकतं. म्हणून हे लोक चित्र आरशातल्यासारखं फिरवून टाकतात. मग यंत्राला पत्ता लागत नाही.

म्हणजे ती डावीकडे बघत नव्हती. उजवीकडे बघत होती. काचेकडे नाही, तुमच्याकडे. चौदाच्या चौदा वेळा.

एवढंच सांगायचं होतं. फोटो परत लावा.

तुमची चष्मेवाली


११ मार्च

चष्मेवालीस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फोटो लावला, टॅब आरशासमोर उभा केला आणि आरशात बघितलं. ती माझ्याकडेच बघते. मी दिवसभर हसत होतो. तुला एक मोठं पत्रही लिहिलं, की बघ, कसा वाजवत असेन मी की तिची नजर हलत नव्हती. पाकीट चिकटवलं होतं.

मग म्हटलं अजून एकदा बघू. तेव्हा तिचं तोंड बघितलं.

ते गाणं मीच बसवलं होतं. तिच्या ओळीनंतर माझ्या चार मात्रा, त्याहून अर्धीसुद्धा जास्त नाही. आणि ती तोंड मिटून माझ्याकडे बघतेय, बघतेय, चार कधीच होऊन गेल्या, सहा झाल्या, सात. मग श्वास घेते.

कानातल्या यंत्रातून बोलणं कळतं, गाण्याची नुसती खरखर येते, म्हणून मी औषधवाल्या बाईंना वर बोलावलं. म्हटलं, तिची ओळ संपली की माझ्या गुडघ्यावर एक थाप मारा, व्हायोलिन सुरू झालं की दुसरी, आणि ते थांबलं की तिसरी. बाईंनी सगळं गाणं तसं केलं. पहिल्या दोन थापांमधे एवढी जागा होती की मला वाटलं त्या विसरल्या. गाणं संपल्यावर मी विचारलं, हे काय आहे? आणि म्हटलं, मला ऐकू येत नाही, लिहून द्या. त्यांनी गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलं, ‘व्हायोलिन उशिरा येतं. त्या वाट बघतात.’

मला वाटलं होतं स्टुडिओच तसा आहे. भिंतींना गाद्या लावल्या होत्या, म्हणून सगळं लांबून येतंय. कान पन्नाशीला गेले असं मी सगळ्यांना सांगतो. अठ्ठाविसाव्या वर्षीच गेले होते. तिला दिसलं, आणि तिने मला कळू दिलं नाही.

तुला सगळं आधीच माहीत होतं. ते तेलाचं पत्र लिहिलंस तेव्हापासून. ह्या वेळी माझा संशय बरोबर आहे, नाही म्हणू नकोस. पहिल्या दोन गाण्यांत काय झालं असेल ते मला आता कुणी सांगायला नको. पण एक विचारतो, आणि खरं सांग. तिला त्यांनी पुन्हा बोलावलं होतं ना? माझ्याशिवाय? आणि ती गेली नाही. मी लोकांना केंद्राच्या नावाने शिव्या घालत होतो, आणि ती शेजारी बसून मान हलवत होती. तिच्याबद्दल मी काय काय लिहिलं तुला. ती पत्रं जाळून टाक.

मी एकदा, फक्त एकदा डोळे उघडायला हवे होते गं. समोरच होती ती. डोळे मिटून वाजवलं की लोकांना मोठा कलाकार वाटतो, म्हणून मिटले होते, दुसरं काही नाही.

टेपवाल्यांकडे जा. त्यांना सांग, दाराची साखळी काढा, व्हायोलिनवाला तुमच्या सहीबद्दल कुणाकडे तक्रार करणार नाही. आणि त्यांना चालणार असेल तर मी येतो. यंत्र घालून येतो. मला ते पहिल्या दोन गाण्यांबद्दल सांगतील, मी ऐकून घेईन.

टाईप करायला मी शिकलो, पण एका ओळीला तास लागतो. म्हणून हे तू माझ्या वतीने त्या चित्रणाखाली लिही, जिथे त्या माणसाने तिच्या थांबण्याबद्दल लिहिलंय त्याच्या बरोबर खाली. शब्द बदलू नकोस, तुला बदलायची सवय आहे.

‘हे थांबणं तिच्या गाण्यातलं नाही. व्हायोलिनवाल्याला ऐकू येत नव्हतं. ते त्याला माहीत नव्हतं, तिला होतं. चौदा वेळा तिने त्याची वाट पाहिली, आणि नंतर त्याच्यावाचून गायला लागू नये म्हणून गाणं सोडलं. हे त्याला आज कळलं. — व्हायोलिनवाला, तिचा मोठा भाऊ.’

लाज वाटतेय. तरी टाक.

तुझा मामा